मागणारा खोटा निघाला तर?

जुम्याची नमाज संपते, सलाम फिरवला जातो आणि मशिदीच्या दाराबाहेर मागणाऱ्यांची ओळ लागलेली असते. कोणाच्या हातात इस्पितळाची फाइल असते, कोणाच्या कडेवर मूल, कोणाला गावी परतण्यासाठी तिकिटाचे पैसे हवे असतात. आपण गर्दीत आपल्या चपला शोधत असतो. खिशाकडे हात जातो आणि त्याच क्षणी मनात शंका येते की, हा खरोखर गरजू आहे की याचा हा धंदाच आहे? पुष्कळदा तो हात तसाच रिकामा बाहेर येतो.

वाचकहो, इमाम या नात्याने हा प्रश्न मला वर्षभर विचारला जातो आणि रमजानमध्ये तर जवळजवळ रोज. "मौलाना, आम्ही दिले आणि तो फसवा निघाला, तर आमच्या सदक्याचे काय?" विचारणारे बहुतेक जण कंजूष नसतात. रिक्षा चालवणारे, हातगाडी लावणारे, दुकानात दहा-दहा तास उभे राहणारे हे लोक असतात. त्यांचा पैसा घामाचा असतो आणि तो योग्य जागी पोहोचावा, ही त्यांची इच्छा रास्तच आहे. म्हणून "देऊन टाका, अल्लाह पाहून घेईल" असे एका वाक्यात उत्तर देऊन भागणार नाही. शरीअतने या प्रश्नाचा पुरेसा खोल विचार केलेला आहे. तो आपण क्रमाने पाहू.

कुरआनने कोणाचा उल्लेख केला आहे?

सूरह जुहा आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. तिच्यात अल्लाह आपल्या प्रेषितांना (स.) आधी त्यांचेच दिवस आठवून देतो. ते अनाथ होते, त्यांना आसरा दिला. ते मार्गाच्या शोधात होते, त्यांना मार्ग दाखवला. ते गरजू होते, त्यांना संपन्न केले. ही आठवण करून दिल्यानंतर आदेश येतो की, अनाथावर जबरदस्ती करू नये आणि मागणाऱ्याला झिडकारू नये. येथे 'साइल' हा शब्द आला आहे. साइल म्हणजे मागणारा किंवा विचारणारा. म्हणूनच ज्ञानाची विचारणा करणाराही यात येतो, असे भाष्यकारांनी म्हटले आहे. 'खरा मागणारा' किंवा 'तपासून घेतलेला मागणारा' असे कोणतेही विशेषण या शब्दाला जोडलेले नाही. आणि आदेशाचा रोख आपल्या वागणुकीवर आहे. देणे न देणे पुढची गोष्ट. झिडकारणे मात्र पहिल्या पायरीवरच निषिद्ध ठरले.

सूरह जारियातमध्ये ईशभीरू लोकांचे वर्णन करताना त्यांच्या संपत्तीत दोघांचा हक्क असल्याचे सांगितले आहे. एक 'साइल' आणि दुसरा 'महरूम', म्हणजे वंचित. पहिला तोंडाने मागतो. दुसरा मागत नाही, म्हणून राहून जातो. सूरह बकराच्या २७३व्या आयतीत याच दुसऱ्या प्रकारच्या लोकांचे चित्र आहे. त्यांचा स्वाभिमान पाहून अजाण माणसाला ते सुखवस्तू वाटतात. त्यांचे चेहरे पाहूनच त्यांची ओळख पटते. ते लोकांच्या मागे लागून मागत नाहीत. पण त्याच सूरहच्या १७७व्या आयतीत, पुण्यशील कोण हे सांगताना, मागणाऱ्यांवर खर्च करणाऱ्याचाही समावेश आहे.

या दोन्ही आयती एकत्र वाचल्या म्हणजे आपल्या हातून होणाऱ्या दोन चुका दिसू लागतात. महरूम मागत नाही, म्हणून आपण त्याला विसरतो; आणि साइल मागतो, म्हणून आपण त्याच्यावर संशय घेतो. मग आपला सदका जातो तरी कोणाकडे?

तीन रात्री, तीन हात

मराठी भाषेत 'सत्पात्री दान' असा एक सुंदर शब्दप्रयोग रूढ आहे. दान योग्य पात्राच्या हाती पडावे, हा त्याचा अर्थ. इस्लामलाही ही अपेक्षा मान्य आहे. परंतु पात्र चुकले तर दान वाया जाते काय? या प्रश्नाचे उत्तर सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये आलेल्या, हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या एका हदीसमध्ये मिळते.

प्रेषितांनी (स.) एका माणसाची हकिकत सांगितली. त्याने सदका देण्याचा निश्चय केला, रात्री घराबाहेर पडला आणि अंधारात एकाच्या हातावर रक्कम ठेवून आला. सकाळी गावात चर्चा सुरू झाली की रात्री कोणीतरी चोराला सदका दिला. त्याने अल्लाहची स्तुती केली आणि पुन्हा देण्याचे ठरवले. दुसऱ्या रात्रीची रक्कम एका व्यभिचारी स्त्रीच्या हाती पडली. लोक पुन्हा बोलू लागले. त्याने पुन्हा अल्लाहची स्तुती केली आणि तिसऱ्या रात्री बाहेर पडला. या वेळी रक्कम एका धनवानाकडे गेली. तिन्ही वेळा पात्र चुकले होते. मग त्याला अल्लाहकडून कळवण्यात आले की त्याचा सदका स्वीकारला गेला आहे. कदाचित त्या रकमेमुळे चोर चोरीपासून दूर राहील, कदाचित ती स्त्री आपल्या दुष्कृत्यापासून परावृत्त होईल आणि कदाचित तो धनवान बोध घेऊन स्वतः खर्च करू लागेल.

या हदीसमध्ये तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली अशी की, त्या माणसाची नीयत शुद्ध होती आणि त्याला वस्तुस्थिती ठाऊक नव्हती. त्याने जाणूनबुजून चोराला शोधून काढले नव्हते.

दुसरी अशी की, लोकांच्या बोलण्याने तो थांबला नाही. एकदा हात पोळला की आपण ताकही फुंकून पितो. त्याने मात्र प्रत्येक चुकीनंतर हात आखडता न घेता पुढच्या रात्री पुन्हा पाऊल उचलले. 'आता कोणालाच देणार नाही' असा निष्कर्ष त्याने एकदाही काढला नाही.

तिसरी गोष्ट 'कदाचित' या शब्दात आहे. मूळ अरबीत 'लअल्ल' हा शब्द येतो. चोर सुधारलाच, असे हदीस सांगत नाही. तो सुधारेल, अशी आशा तेवढी व्यक्त होते. सदक्याची स्वीकृती मात्र त्या आशेच्या पूर्ततेवर अवलंबून ठेवलेली नाही. देणाऱ्याचे खाते आणि घेणाऱ्याचे खाते वेगवेगळे आहे. आपल्याकडे जाब विचारला जाईल तो आपल्या खात्याचा.

बापाचे दीनार मुलाच्या हाती

सहीह बुखारीतच आणखी एक प्रसंग आहे. हजरत यजीद (रजि.) यांनी सदक्यासाठी काही दीनार बाजूला काढले आणि ते मशिदीत एका माणसाकडे ठेवले, की त्याने ते गरजूंना द्यावेत. योगायोगाने त्यांचेच पुत्र हजरत मअन (रजि.) तेथे आले आणि ते दीनार घेऊन घरी गेले. वडिलांनी पाहिले तेव्हा ते म्हणाले की, हे तुझ्यासाठी नव्हतेच. वाद प्रेषितांपुढे (स.) गेला. निर्णय असा झाला की, यजीद यांना त्यांनी केलेल्या नीयतीचे फळ मिळाले आणि मअन यांनी जे घेतले ते त्यांचे झाले.

येथे फसवणूक नव्हती, पण पैसा देणाऱ्याच्या मनातील जागी पोहोचला नव्हता, हेही खरे. तरीही देणाऱ्याला त्याच्या नीयतीचे फळ पूर्ण मिळाले. हा सदका ऐच्छिक होता, असे विद्वानांनी स्पष्ट केले आहे. कारण जकात स्वतःच्या मुलाला देता येत नाही. या स्पष्टीकरणातून आपण पुढच्या, अधिक महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो.

जकात वेगळी, सदका वेगळा

आपल्या समाजातील बराचसा गोंधळ या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे होतो.

जकात फर्ज आहे. ती कोणाला द्यावी, हे सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत अल्लाहनेच आठ वर्ग सांगून निश्चित केले आहे. ती आपल्या मालकीची उरलेली रक्कम नसून दुसऱ्यांचा ठरलेला हक्क आहे. म्हणून येथे शहानिशा करणे ही देणाऱ्याची जबाबदारी आहे. हनफी फिकहात यासाठी 'तहर्री' हा शब्द आहे. विचारपूस करून, परिस्थिती पाहून, मनाचा कौल घेऊन निर्णय करणे, असा त्याचा अर्थ. अशी शहानिशा करून जकात दिली आणि नंतर घेणारा साहिबे-निसाब निघाला, तर इमाम अबू हनीफा (रह.) आणि इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मते जकात अदा झाली, इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या मते ती पुन्हा द्यावी लागेल. मात्र शंका असूनही काहीच चौकशी न करता जकात दिली आणि घेणारा अपात्र निघाला, तर ती अदा होत नाही. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफिई आहेत. त्यांच्या फिकहात मालकाने स्वतः दिलेली जकात अपात्राकडे गेल्यास ती पुन्हा द्यावी, हे मत अधिक बळकट मानले गेले आहे. तेव्हा ज्याने त्याने आपल्या मसलकच्या आलिमांना विचारून घ्यावे.

थोडक्यात सांगायचे तर, जकातीची रक्कम रस्त्यावर, सिग्नलवर, गर्दीत, न विचारता वाटू नये.

ऐच्छिक सदक्याचे तसे नाही. त्याला आठ वर्गांची चौकट नाही. तो नातेवाइकाला देता येतो, मुस्लिमेतर बांधवाला देता येतो, तो धनवानाकडे गेला तरी वाया जात नाही. सूरह बकराच्या २७२व्या आयतीच्या संदर्भात भाष्यकार सांगतात की, काही सहाबा आपल्या मुस्लिमेतर नातलगांना देण्यास कचरत होते, तेव्हा ही आयत अवतरली. लोकांना मार्गावर आणणे प्रेषितांची (स.) जबाबदारी नाही आणि श्रद्धावंत जे काही चांगले खर्च करतील ते त्यांच्याच हिताचे आहे, असा तिचा आशय आहे. म्हणून रस्त्यावरच्या मागणाऱ्याचा धर्म विचारण्याचे आपल्याला कारण नाही. दहा-वीस रुपयांसाठी त्याची उलटतपासणी करण्याचेही नाही.

ठाऊक असणे आणि शंका येणे

यावर कोणी म्हणेल की, मग डोळे मिटून सर्वांना देत सुटायचे काय? नाही. फुकहांनी याबाबत एक बारीक पण महत्त्वाची रेषा आखली आहे. 'दुर्रे मुख्तार' या हनफी ग्रंथात असा मसला आहे की, ज्याच्याकडे त्या दिवसाचे अन्न आहे, किंवा जो धडधाकट असून कमावू शकतो, त्याने अन्नासाठी हात पसरणे हलाल नाही. आणि देणाऱ्याला त्याची ही स्थिती ठाऊक असेल तर देणाराही गुन्हेगार ठरतो, कारण त्याने निषिद्ध गोष्टीला हातभार लावला. हा मसला ऐकून अनेकांना दिलासा मिळतो. ते म्हणतात, 'पाहा, देऊ नये असेच लिहिले आहे.' परंतु अट काय आहे, ते नीट वाचावे. ठाऊक असेल तर. तुमच्या गल्लीतला एखादा माणूस मागून आणलेले पैसे रोज दारूच्या गुत्त्यात घालतो, हे तुम्ही पाहिले असेल तर ते ठाऊक असणे झाले. तेथे रोख देऊ नका. परंतु अनोळखी माणसाकडे पाहून 'हा तसाच असेल' असे वाटणे म्हणजे केवळ शंका. सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत पुष्कळशा शंकांपासून दूर राहण्यास सांगितले आहे, कारण काही शंका पाप ठरतात.

स्वतः प्रेषितांचे (स.) वर्तन पाहा. अखेरच्या हजच्या वेळी दोन माणसे सदका मागण्यास आली. त्यांनी दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. दोघेही धट्टेकट्टे दिसले. तेव्हा ते म्हणाले की, तुमची इच्छा असेल तर मी देतो, परंतु धनवानाचा आणि कमावू शकणाऱ्या सशक्ताचा यात वाटा नाही. ही रिवायत अबू दाऊद आणि नसाई यांनी नोंदवली आहे. शंका घेण्यास कारण समोर दिसत होते. तरीही त्यांनी हाकलले नाही, खोटे ठरवले नाही, चारचौघांत अपमान केला नाही. नियम सांगितला आणि निर्णय त्या दोघांच्या विवेकावर सोपवला. मागणाऱ्याला त्याची जबाबदारी कळवावी, पण त्याची अब्रू राखावी, ही शिकवण यातून मिळते.

हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. एखादा गुलाम मशिदीत नियमित इबादत करताना दिसला की ते त्याला मुक्त करीत. हे कळल्यावर काही गुलाम मशिदीतच बसून राहू लागले. मित्रांनी सावध केले की हे आपल्याला फसवीत आहेत. त्यांचे उत्तर असे होते की, जो आम्हाला अल्लाहच्या नावाने फसवू पाहील, त्याच्याकडून आम्ही फसून घेऊ. ते भोळे नव्हते. हदीस आणि फिकहातील त्यांची सावधगिरी सर्वश्रुत आहे. परंतु आपल्या सावधगिरीपायी एखादा खरा माणूस विन्मुख जाण्यापेक्षा आपण फसलेले बरे, हे त्यांनी ठरवून ठेवले होते.

माझ्याकडून झालेली चूक

वाचकहो, हे लिहिणाऱ्याकडून याच बाबतीत एक चूक झाली आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी मी इमामत करीत असलेल्या मशिदीत एक गृहस्थ मुलाच्या शस्त्रक्रियेची फाइल घेऊन आले. मी जुम्यानंतर मुसल्ल्यांना आवाहन केले आणि लोकांनी सढळ हाताने दिले. दोन आठवड्यांनी आमचेच एक नमाजी शेजारच्या वस्तीतून परतले आणि त्यांनी सांगितले की तीच फाइल, तेच गृहस्थ, परंतु मुलाचे नाव आणि आजार वेगळा. मला फार लाज वाटली. लोकांनी माझ्या शब्दावर पैसे दिले होते. त्या दिवसापासून कागद पाहिल्याशिवाय कोणालाच काही द्यायचे नाही, असे मी ठरवून टाकले.

त्याच रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर एक महिला हुजऱ्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. पती इस्पितळात आहे, औषध आणायचे आहे, एवढेच ती म्हणाली. मी कागद मागितला. तो इस्पितळातच आहे, असे ती म्हणाली. "मग तो घेऊन या," मी म्हणालो. "जी," एवढेच बोलून ती निघून गेली. पुन्हा आली नाही.

ती खरी होती की खोटी, हे मला आजही ठाऊक नाही. लोक माझे सांत्वन करतात की, खरी असती तर कागद घेऊन परत आली असती. असेलही. पण इफ्तारच्या वेळी, हातातले औषधाचे काम सोडून, माझ्या समाधानासाठी इस्पितळापर्यंत जाऊन येण्याइतके बळ प्रत्येकात कोठून असणार? माझ्या खिशात त्या वेळी दोनशे रुपये होते. ते देऊन, 'मोठ्या मदतीसाठी कागद आणा,' असेही मला म्हणता आले असते. मी तसे केले नाही. एका पुरुषाने मला फसवले होते आणि त्याचा हिशेब मी एका अनोळखी बाईकडून चुकता करून घेतला. कयामतच्या दिवशी त्या गृहस्थाच्या खोटेपणाबद्दल मला विचारले जाणार नाही. त्या 'जी'बद्दल मात्र विचारले जाईल, ही भीती मला वाटते.

मागणाऱ्यालाही सांगावे लागेल

येथपर्यंत वाचून कोणी असे समजू नये की इस्लाम भिक्षेला प्रोत्साहन देतो. मागणाऱ्याला शरीअतने फार कठोर शब्दांत बजावले आहे. संपत्ती वाढवण्यासाठी मागणारा जळता निखारा मागत आहे, असा हदीसचा आशय आहे. सतत मागत राहणारा कयामतच्या दिवशी येईल तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मांस उरलेले नसेल, असाही इशारा आहे. हजरत कबीसा (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सांगितले की मागणे तिघांनाच रास्त आहे. एक, ज्याने तंटा मिटवण्यासाठी दुसऱ्याच्या देण्याचा भार आपल्या अंगावर घेतला. दुसरा, ज्याची मालमत्ता आपत्तीत नष्ट झाली. तिसरा, ज्याच्यावर उपासमारीची पाळी आल्याची साक्ष त्याच्याच समाजातील तीन सुज्ञ माणसे देतील. यांतही गरज भागेपर्यंतच.

परंतु हे इशारे ज्यांनी दिले, त्या प्रेषितांची (स.) रीत पाहण्यासारखी आहे. हजरत हकीम इब्ने हिजाम (रजि.) यांनी तीनदा मागितले, तिन्ही वेळा त्यांना दिले गेले. त्यानंतर उपदेश झाला की ही संपत्ती हिरवीगार आणि गोड आहे, हावरेपणाने घेणाऱ्याला तिच्यात बरकत नसते आणि वरचा हात खालच्या हातापेक्षा श्रेष्ठ असतो. हजरत हकीम (रजि.) यांच्यावर याचा असा परिणाम झाला की पुढे हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) यांच्या काळात त्यांचा हक्काचा वाटा देऊ केला तरी त्यांनी तो घेतला नाही.

अबू दाऊद यांनी नोंदवलेल्या एका रिवायतीत एक अन्सारी मागायला येतो. घरी काय आहे, असे त्याला विचारले जाते. एक जाडेभरडे कापड आणि पाणी पिण्याचा एक वाडगा, एवढेच होते. प्रेषितांनी (स.) त्यांचा लिलाव केला, दोन दिरहम आले. एका दिरहमचे घरी अन्न न्यायला आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला सांगितले. त्या कुऱ्हाडीला त्यांनी स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि लाकूड तोडून विकण्यास पाठवले. पंधरा दिवसांनी तो माणूस दहा दिरहम कमावून परतला.

'काम करा, भीक कशाला मागता?' असे आपणही मागणाऱ्याला सुनावतो. पण त्या बोलण्यामागे आपल्या हातात कुऱ्हाड असते काय? कुऱ्हाड न देता केलेला उपदेश म्हणजे सभ्य भाषेत झिडकारणेच होय.

व्यवहारात काय करावे?

१. रस्त्यावरील मागणाऱ्यांसाठी दरमहा एक छोटी रक्कम वेगळी काढून ठेवावी. ती ऐच्छिक सदक्याची असावी, जकातीची नको. ती देण्यासाठीच आहे, हे आधी ठरलेले असले म्हणजे दारात उभे राहून मनाशी वाद घालावा लागत नाही. ती संपली तर संपली.

२. द्यायला काही नसेल तर शब्द तरी मृदू असावा. सूरह इस्राच्या २८व्या आयतीत हीच शिकवण आहे, आणि सूरह बकराच्या २६३व्या आयतीनुसार त्रास देऊन केलेल्या सदक्यापेक्षा चांगला शब्द आणि क्षमा श्रेष्ठ आहे. हजरत उम्मे बुजैद (रजि.) यांनी तक्रार केली होती की गरीब दारात उभा राहतो आणि देण्यासारखे काही नसते. तेव्हा जळके खूर मिळाले तरी तेच त्याच्या हातावर ठेव, असे त्यांना सांगण्यात आले. मागणारा घोड्यावरून आला तरी त्याचा हक्क असतो, अशी एक रिवायत आपल्याकडे फार सांगितली जाते. तिच्या सनदेबाबत मुहद्दिसांत मतभेद आहेत, म्हणून मी तिच्यावर मुद्दा उभारत नाही. वर दिलेले पुरावे पुरेसे आहेत.

३. शस्त्रक्रिया, कर्ज, लग्न अशा मोठ्या मदतीसाठी चौकशी अवश्य करावी. इस्पितळात फोन करावा, रक्कम थेट तेथेच भरावी, औषध दुकानातून घेऊन द्यावे. ही चौकशी मशिदीच्या समितीने दोघा-तिघा जबाबदार माणसांकडे सोपवली तर इमामालाही भीड पडत नाही आणि मागणाऱ्याला सर्वांसमोर आपले दुःख उलगडावे लागत नाही. चौकशी होईपर्यंत तातडीचे थोडे मात्र द्यावे.

४. रोख देण्याचे मन होत नसेल तर अन्न द्यावे. मुंबईत माहीमच्या दर्ग्याच्या परिसरात काही हॉटेलांपुढे भुकेली माणसे ओळीने बसलेली असतात. येणारा-जाणारा गल्ल्यावर पाच-दहा माणसांचे पैसे भरतो आणि तितक्यांच्या पुढे जेवण येते. कोण खरा, कोण खोटा, हे तेथे कोणी विचारत नाही. आपल्या गावातील एखाद्या हॉटेलवाल्याशी बोलून अशी सोय करणे अवघड नाही.

५. लहान मुलांच्या बाबतीत वेगळा विचार करावा. त्यांच्या हातातले पैसे बहुधा त्यांच्याजवळ राहत नाहीत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला भीक मागायला लावणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. मुलाला समोर बसवून खाऊ घालावे आणि त्याच्यावर कोणाची जबरदस्ती आहे असे दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे.

६. महरूमला विसरू नये. भाडे थकलेला शेजारी, काम सुटलेला कारागीर, मुलांच्या शाळेची फी भरू न शकणारी विधवा, हे लोक मशिदीच्या दारात उभे राहणार नाहीत. हदीसच्या आशयानुसार खरा मिसकीन तो, ज्याची अडचण लोकांच्या लक्षातही येत नाही. आपली जकात आणि मोठी रक्कम यांच्यासाठी राखून ठेवावी, आणि ती आपण त्यांच्या घरी नेऊन द्यावी.

शेवटी

मागणारा खोटा निघाला तर काय, या प्रश्नाने आपण सुरुवात केली होती. आपली नीयत शुद्ध असेल आणि त्याची लबाडी आपल्याला ठाऊक नसेल, तर ऐच्छिक सदक्यात आपले काहीच बुडाले नाही. जे बुडाले ते त्याचे. पण तो खरा असेल आणि आपण त्याला फिरवून लावले असेल, तर बुडाले ते आपले. दहा खोट्यांना दिलेले पैसे परत मिळवण्यासाठी अकराव्या खऱ्याला उपाशी ठेवण्याचा सौदा कोणताही शहाणा व्यापारी करणार नाही.

आणि एक गोष्ट रोजच्या नमाजमध्ये आठवावी. आपण स्वतः अल्लाहच्या दारातले मागणारे आहोत. दुआसाठी हात पसरताना आपली पात्रता तरी कोठे तपासली जाते? कालच तौबा करून आज पुन्हा तीच चूक करणारे आपण, पुन्हा तेच हात घेऊन उभे राहतो आणि तो आपल्याला झिडकारत नाही. त्याच्या दारातून मशिदीच्या दाराशी येईपर्यंत एवढे जरी लक्षात राहिले, तरी खिशात गेलेला हात सहसा रिकामा बाहेर येणार नाही.

अल्लाह आपल्याला देणारे हात आणि मृदू जीभ लाभू देवो, ज्यांच्यावर मागण्याची वेळ आली आहे त्यांना हलाल आणि सन्मानाची रोजी देवो, आणि ज्यांना आम्ही विन्मुख पाठवले त्यांच्याबाबत आम्हाला क्षमा करो. आमीन.